कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आधार मागून घ्या

आमच्या वॉर्डात एक ताई होत्या. वय ४२. चार घरची धुणीभांडी करायच्या. छातीत गाठ लागली म्हणून आल्या, तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं डॉक्टरांनी ठरवलं. केमोच्या दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेच्या तारखेला ताई आल्या नाहीत. फाईलवर 'पेशंट आली नाही' अशी एक ओळ लिहिली गेली आणि फाईल रॅकवर गेली.

सात महिन्यांनी ताई परत आल्या त्या कंबर धरून. मधे काय झालं, ते त्यांनी तेव्हा सांगितलं. दुसऱ्या केमोनंतर त्यांचं तोंड आलं. आठ दिवस पाणीसुद्धा गिळवेना. त्यांना वाटलं, औषध उलटलं. त्यात प्रत्येक खेपेला दोन-तीन खाडे पडायचे. एका घरच्या बाईंनी कामावरून काढलं. "डॉक्टरांना सांगितलं का नाही?" असं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "एवढे मोठे डॉक्टर, त्यांना माझं तोंड आलं हे काय सांगायचं?"

केमोने तोंड येणं ही रोजची गोष्ट आहे. त्यावर औषध आहे, गुळण्या आहेत, गरज पडली तर पुढच्या खेपेचा डोस कमी करता येतो. खाड्यांच्या आणि खर्चाच्या अडचणीवर बोलायला त्याच इमारतीत समाजसेवा विभाग होता. ताईंनी विचारलं नाही, हे खरं. पण त्या का आल्या नाहीत, हे आम्हीही फोन करून विचारलं नाही. आम्ही तेव्हा त्याच वॉर्डात नोकरीला होतो. ती चूक आमच्या मनातून आजही गेलेली नाही. पुढे नोकरी सोडून आम्ही वस्त्यांमध्ये काम सुरू केलं, त्यामागे ताईंची ती फाईलही आहे.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर कॅन्सरची लक्षणं सांगत बसत नाही. कॅन्सरचे डॉक्टर आजाराच्या प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला काय आधार देऊ शकतात आणि तो आपण कसा मागायचा, हे सांगतो. हा आधार म्हणजे डॉक्टरांचे उपकार नव्हेत. तो उपचाराचाच भाग आहे.

डॉक्टर एक नसतात

कॅन्सरच्या रुग्णालयात गेल्यावर आपले लोक गोंधळतात. आज एका डॉक्टरांनी पाहिलं, उद्या दुसरेच, परवा तिसरे. "कोणी नीट सांगतच नाही," अशी तक्रार होते. यामागचं कारण समजून घ्या. कॅन्सरवर मुख्यतः तीन प्रकारचे डॉक्टर काम करतात. सर्जन ऑपरेशन करतात. केमो आणि इतर औषधं देणारे वेगळे. आणि रेडिएशन, ज्याला आपल्याकडे कोणी 'लाईट' म्हणतं तर कोणी 'शेक', ते देणारे वेगळे. यांच्याबरोबर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टरही असतात.

चांगल्या रुग्णालयात हे सगळे एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा उपचार ठरवतात. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं. तिथे स्तनाचा, तोंडाचा, गर्भाशयाचा अशा प्रत्येक कॅन्सरसाठी डॉक्टरांचे असे गट आहेत. त्यामुळे "रिपोर्ट आलेत, पण अजून उपचार सुरू नाहीत" असं झालं, तर दर वेळी तो हलगर्जीपणाच असतो असं नाही. आधी ऑपरेशन की आधी केमो, हे ठरायला थोडे दिवस लागतात. मात्र एक प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारा: "आमची फाईल कोणत्या डॉक्टरांकडे आहे? अडचण आली तर कोणाला भेटायचं?" ते नाव, ओपीडीचा वार आणि खोली नंबर लिहून घ्या. पुढचे सहा-आठ महिने तोच आपला पत्ता.

तुकडा काढला तर पसरतो का?

हा प्रश्न प्रत्येक वस्तीत ऐकायला मिळतो. "हात लावला की कॅन्सर भडकतो" या भीतीपायी लोक महिनोन्‌महिने झाडपाला लावत बसतात. तेवढ्या काळात गाठ वाढते. मग तुकडा काढायला जातात, कॅन्सर निघतो, आणि दोष येतो तुकड्यावर. खरं म्हणजे तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, हेच नक्की करता येत नाही. गाठी सगळ्या कॅन्सरच्या नसतात. शिवाय कॅन्सर कोणत्या जातीचा आहे, हेही तुकड्यावरूनच कळतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तुकड्यावर आणखी तपासण्या करतात. कोणाला रोजच्या हार्मोनच्या गोळ्या उपयोगी पडतील, कोणाला खास इंजेक्शन लागेल, हे त्यावरून ठरतं. त्याचा रिपोर्ट यायला जास्त दिवस लागतात, तेव्हा घाबरू नका.

तुकडा एका रुग्णालयात काढला आणि उपचार दुसरीकडे घ्यायचे असतील, तर नुसता कागदी रिपोर्ट घेऊन जाऊ नका. मेणात जपलेला तुकडा, ज्याला 'ब्लॉक' म्हणतात, आणि काचेच्या स्लाईड मागून घ्या. नवे डॉक्टर त्या पुन्हा पाहतात. आपल्या उपचाराची कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा नियम डॉक्टरांसाठी २००२ पासून आहे. तेव्हा मागताना संकोच नको. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही आपला हक्क आहे. चांगले डॉक्टर त्याचा राग धरत नाहीत.

'आईला सांगू नका'

रिपोर्ट आला की मुलगा किंवा जावई आधी आत जातो आणि डॉक्टरांना हात जोडून म्हणतो, "आईला काही सांगू नका, ती खचेल." आम्ही हे शेकडो वेळा पाहिलंय. मुलाचं प्रेम खोटं नसतं. पण पुढे काय होतं ते पाहा. आईला रोज रुग्णालयात नेतात, केस जातात, बाजूच्या खाटेवरची बाई तिला आपल्या कॅन्सरची हकीकत सांगते. आईला सगळं कळलेलं असतं. फक्त तिच्याशी त्यावर बोलणारं कोणी उरत नाही. ती मुलांसाठी हसते, मुलं तिच्यासाठी हसतात, आणि रात्री दोघंही वेगवेगळ्या कोपऱ्यात रडतात.

वाईट बातमी कशी सांगायची, हे आता डॉक्टरांना शिकवलं जातं. २००० साली अमेरिका आणि कॅनडातल्या कॅन्सर डॉक्टरांनी त्यासाठी सहा पायऱ्यांची एक पद्धत मांडली. ती आज जगभर शिकवतात. आधी शांत जागा पाहून बसायचं. मग रुग्णाला विचारायचं, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय माहीत आहे? तिसरं, तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे? त्यानंतर साध्या शब्दांत, थोडंथोडं सांगायचं. रडू आलं, राग आला तर थांबायचं आणि ऐकायचं. शेवटी, पुढे काय करायचं ते मिळून ठरवायचं.

यातली तिसरी पायरी आपल्या घरांसाठी महत्त्वाची आहे. किती सांगायचं, हे मुलगा ठरवत नाही, जावई ठरवत नाही. ज्याचा आजार त्याने ठरवायचं. एखादी आजी म्हणेल, "मला काही सांगू नका, पोराला सांगा." तसं चालतं, पण ते आजीने म्हणायला हवं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांना पाच मिनिटंही मिळत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून आपणच म्हणावं, "डॉक्टर, आईला तुमच्या तोंडून ऐकायचंय. आज वेळ नसेल तर कधी येऊ?" अशी वेळ मागितल्यावर ती मिळते, असा आमचा बहुतेक वेळचा अनुभव आहे.

त्या बैठकीत विचारायचे पाच प्रश्न:

• कॅन्सर कुठला आहे आणि कितव्या स्टेजचा?
• उपचार आजार बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?
• कोणकोणते उपचार, किती खेपा, साधारण किती महिने?
• काय त्रास होईल आणि कोणता त्रास झाला तर रात्रीसुद्धा यायचं?
• खर्च किती आणि कोणती योजना लागू होते?

दुसरा प्रश्न विचारायला लोक घाबरतात. पण त्याच उत्तरावर घरातले सगळे निर्णय उभे असतात. कर्ज काढायचं का, गावची जागा विकायची का, मुलीची शाळा कशी सांभाळायची, हे सगळं त्यावर ठरतं. तरुण बाई असेल आणि पुढे मूल हवं असेल, तर तेही केमो सुरू होण्याआधीच बोलून घ्या. नंतर उशीर होतो.

केमो चालू असताना

केमो बऱ्याचदा २१ दिवसांनी एकदा देतात. मधले दिवस शरीराला पेशी भरून काढायला लागतात. पुढच्या खेपेआधी रक्त तपासतात ते यासाठीच. "पेशी कमी आहेत, आठवड्याने या," असं डॉक्टर म्हणाले तर तो उपचारातला खंड नाही, ती काळजी आहे.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. या दिवसांत १००.४ फॅरनहाईट किंवा त्याहून जास्त ताप आला तर तो साधा ताप समजू नका. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा आणि पहिलं वाक्य हे बोला: "केमो चालू आहे आणि ताप आलाय." घरात एक थर्मामीटर आणून ठेवा. त्याने जीव वाचतो.

काही औषधांनी पहिल्या खेपेनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जातात. उपचार संपल्यावर ते परत येतात. उलट्यांवर चांगली औषधं आहेत, ती उलटी व्हायच्या आधी घ्यायची असतात. हातापायाला मुंग्या, जुलाब, बद्धकोष्ठ, झोप न लागणं, मन उदास होणं, हे सगळं डॉक्टरांना सांगायचं असतं.

सांगितल्याने काय होतं? न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात हेच तपासून पाहिलं. पसरलेल्या कॅन्सरवर केमो घेणारे ७६६ रुग्ण होते. काहींना नेहमीसारखं डॉक्टर भेटतील तेव्हाच त्रास सांगायचा होता. बाकीच्यांनी १२ नेहमीचे त्रास संगणकावर नियमित नोंदवायचे आणि त्रास वाढला की नर्सला लगेच निरोप जायचा. नर्स फोन करायची, औषध बदललं जायचं. २०१७ साली निकाल जाहीर झाला. नियमित त्रास कळवणाऱ्यांचं आयुष्य साधारण ३१ महिने निघालं, इतरांचं २६. पाच महिन्यांचा हा फरक कोणत्याही नव्या औषधाने पडला नव्हता. तो पडला वेळेवर सांगितल्याने आणि कोणीतरी ते ऐकून घेतल्याने.

ताईंचं तोंड आलं होतं, ही गोष्ट डॉक्टरांच्या वेळेच्या लायकीची नव्हती का? होती. हे आकडे तेच सांगतात.

डॉक्टरांपासून आणखी दोन गोष्टी लपवल्या जातात. एक, झाडपाल्याचं औषध, भस्म, काढा. काही काढे केमोच्या औषधाशी जुळत नाहीत, काही लिव्हरवर ताण आणतात. घेत असाल तर पुडी घेऊन जा आणि दाखवा. दुसरी, तंबाखू, मिश्री, बिडी, दारू. डॉक्टर रागावतील म्हणून आपण खोटं सांगतो. पण तोंडाच्या कॅन्सरवर शेक घेताना तंबाखू चालू राहिली तर उपचाराचा गुण कमी येतो, ऑपरेशनची जखम नीट भरत नाही. सुटत नसेल तर तसं सांगा. सोडवायला गोळ्या आणि समुपदेशन मिळतं.

शेक घेताना खंड नको

रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं. तोंड-घशाच्या कॅन्सरला बहुधा सहा ते सात आठवडे लागतात. एकेका वेळेला काही मिनिटांचंच काम. नाका कामगाराला रोज रोज येणं परवडत नाही, म्हणून मधेच चार दिवस दांडी पडते. तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये अशा दांड्यांचा थेट परिणाम होतो. मधल्या काळात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. यायला जमत नसेल तर घरी बसू नका, आधी डॉक्टरांना सांगा. वेळ बदलता येते, राहण्याची सोय पाहता येते.

शेक सुरू करण्याआधी दात तपासून घ्यायला सांगतात. ते टाळू नका. नंतर दात काढला तर जबड्याची जखम भरायला फार त्रास होतो. गिळता येईना झालं तर डॉक्टर नाकातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट, असं आपल्याकडे समजतात. ते तसं नाही. पोटात अन्न गेलं तरच उपचार पूर्ण होतो. घसा बरा झाला की नळी निघते. तोंड उघडण्याचे व्यायाम, स्तनाच्या ऑपरेशननंतर हाताचे व्यायाम शिकवले असतील तर रोज करा. ते विसरले तर तोंड आखडतं, हात वर जात नाही.

भांडी वेगळी करू नका

कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याच्या अंथरुणावर झोपल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने होत नाही. बाहेरून शेक घेणाऱ्या माणसाच्या अंगातून किरण निघत नाहीत. केमो घेतल्यावर दोन दिवस रुग्णाची उलटी, लघवी साफ करताना हातमोजे घाला, एवढी काळजी पुरे.

तरीही घरांमध्ये आम्ही वेगळा पेला, वेगळं ताट पाहतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांना ओंजळीत वरून पाणी ओतलं गेलं, त्यांच्या घरात आजारी माणसाचा पेला वेगळा ठेवला जाऊ नये. यापेक्षा जास्त आम्ही काय सांगणार?

खाण्याच्या बाबतीतही ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. दूध बंद, अंडी बंद, डाळ बंद असं करून रुग्ण अशक्त होतो आणि केमो पुढे ढकलावी लागते. ताजं शिजवलेलं अन्न, डाळ, अंडी, मासे, दही, शेंगदाणे, जे परवडेल आणि पचेल ते थोडंथोडं दिवसातून पाच-सहा वेळा द्या. पेशी कमी असताना उघड्यावरचं आणि कच्चं टाळा.

पैशाचं डॉक्टरांना सांगायचं

पैशाची गोष्ट डॉक्टरांजवळ काढायला आपल्याला लाज वाटते. पण पैशाअभावी उपचार सुटणार असेल, तर ती माहिती डॉक्टरांना रक्ताच्या रिपोर्टइतकीच हवी. एकाच आजाराला कधी महाग औषध असतं, कधी तेच काम करणारं स्वस्त औषध असतं. अडचण कळली तर डॉक्टर त्या हिशोबाने लिहू शकतात आणि समाजसेवकाकडे चिठ्ठी देऊ शकतात. ती चिठ्ठी मागा. "समाजसेवकांना भेटायचंय, चिठ्ठी द्या," एवढं बोललं तरी पुरतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं, केमो आणि रेडिएशन येतं. ही योजना २०१२ साली दुसऱ्या नावाने सुरू झाली, २०१७ पासून तिला जोतिरावांचं नाव आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्यापूर्वी त्याला भेटा, कारण उपचाराला आधी मंजुरी घ्यावी लागते. सगळे पैसे भरून झाल्यावर योजनेत बसवणं अवघड जातं. रेशन कार्डावर रुग्णाचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळतं का, हे आजच पाहून ठेवा.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वे भाड्यात सवलत आहे. त्याचा ठराविक नमुन्यातला दाखला रुग्णालयातून मिळतो. मुंबईत बाहेरगावाहून आलेल्यांनी फुटपाथवर झोपण्याआधी समाजसेवा विभागात विचारावं. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते, तशा आणखीही जागा आहेत.

बरं होणार नसेल तेव्हा

काही वेळा आजार इतका पसरलेला असतो की तो मुळातून काढता येत नाही. "डॉक्टरांनी हात टेकले, घरी घेऊन जा म्हणाले," असं आपण म्हणतो. इथे आधार संपत नाही. इथे तो जास्त लागतो.

सिसिली सॉन्डर्स नावाची एक बाई लंडनमध्ये आधी नर्स होती, मग रुग्णालयातली समाजसेविका झाली, आणि मग मुद्दाम शिकून डॉक्टर झाली. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची वेदना नुसती शरीराची नसते, हे तिने डॉक्टरांना शिकवलं. त्यात मनाचं दुखणं असतं, घराची काळजी असते, 'माझ्यामागे पोरांचं काय' हा घोर असतो. १९६७ साली तिने अशा रुग्णांसाठी लंडनमध्ये रुग्णालय काढलं. आपल्याकडे वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झालं. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठीचं ते देशातलं पहिलं सदन. ते काढणारे डॉ. एल. जे. डिसूझा हे स्वतः कॅन्सरचे सर्जन. आजार बरा करता येत नाही, तिथेही डॉक्टरांचं काम उरतं, हे त्यांनी करून दाखवलं.

या उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत त्याचा वेगळा विभाग असतो. दुखणं, दम लागणं, जखमेचा वास, झोप, मनाचा घोर, या सगळ्यावर तिथे उपचार होतात. तिथे जायला शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. केमो चालू असतानाही जाता येतं. तीव्र वेदनेला मॉर्फिनच्या गोळ्या देतात. "मॉर्फिनची सवय लागेल" म्हणून घरचे त्या अर्ध्याच देतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. डॉक्टरांनी वेदनेसाठी लिहून दिलेलं मॉर्फिन ठरल्या वेळेला घेतलं तर व्यसनाची भीती धरू नये. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याचं औषध सोबत मागून घ्या. २०१४ साली कायद्यात बदल होऊन मॉर्फिन मिळण्यातल्या अडचणी कमी झाल्या आहेत.

ताई परत आल्या तेव्हा आजार हाडांत गेला होता. या वेळी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं आणि खरं सांगितलं: "आता बरा करता येणार नाही, पण दुखणं कमी करता येईल, काही काळ धरून ठेवता येईल." ताई खूप रडल्या. मग विचारलं, "धाकटी दहावीत आहे. तेवढं होईल ना?" उपचार त्या हिशोबाने ठरला. हाडावर शेक दिला, कंबर दुखायची थांबली. फोन करायचं काम आम्ही घेतलं. त्यानंतर ताईंनी दोन भीमजयंत्या पाहिल्या. धाकटी दहावी पास झाली. पण पहिल्या खेपेला जे शक्य होतं, ते पुन्हा शक्य झालं नाही.

वस्तीत एवढं करूया

उपचार संपल्यावरही डॉक्टर सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी बोलावतात. बरं वाटतंय म्हणून ती तारीख चुकवू नका. परत आलेला आजार लवकर कळला तर करण्यासारखं बरंच असतं.

आणि आमची एक विनंती. आपल्या गल्लीत कोणाचा कॅन्सरचा उपचार चालू असेल, तर त्या घरासाठी एक माणूस ठरवा. महिला मंडळातली ताई असेल, कॉलेजात जाणारा पोरगा असेल. त्याच्याकडे २०० पानी एक वही द्या. पहिल्या पानावर फाईल नंबर, डॉक्टरांचं नाव, वॉर्डचा फोन. दुसऱ्या पानावर पुढची तारीख. त्यानंतर रोज दोन ओळी: आज काय त्रास झाला, ताप किती, काय खाल्लं. ओपीडीत जाताना वही बरोबर न्या आणि बोलायला जीभ अडखळली तर वही पुढे करा. तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन एवढंच विचारा: "उद्या जायचंय ना? कोण येतंय सोबत?"

त्या वेळी आमच्या वॉर्डातून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तुमच्या गल्लीत तो विचारला जावा.